मूत्रल की मूत्रपिंडरक्षक? : वनौषधींच्या प्राणिप्रयोगांतील किरणोत्सारी प्रतिमाचित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

खानदेशात मूत्रविकारांवर वनस्पतींचा उपयोग करण्याची परंपरा जुनी आहे. पडीक रानात व शेताच्या वाटेवर पसरणारे सराटे म्हणजेच गोखरू, पावसाळ्याच्या आरंभी बांधावर पुन्हा फुटणारी घेटुळी म्हणजेच पुनर्नवा, सातपुड्याच्या पायथ्याचा पळस आणि ओढ्याकाठचा वायवर्णा यांचा काढा ‘लघवी साफ होण्यासाठी’ घेतला जातो. १९९० मध्ये जळगाव येथे विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र या विषयांच्या संशोधनास जी चालना मिळाली, तिच्यात या वनस्पती ओघानेच आल्या. प्रथम त्यांच्या लोकोपयोगाच्या नोंदी झाल्या. पुढे त्यांच्या अर्कांचे उंदरांवर प्रयोग होऊ लागले.

अशा प्रयोगांवरील शोधनिबंधांचा साचा बहुधा ठरलेला असतो. पांढऱ्या उंदरांचे तीन-चार गट करावयाचे, त्यांपैकी काहींना जेंटामायसिन अथवा सिस्प्लॅटिन देऊन मूत्रपिंडास इजा करावयाची, एका गटास वनस्पतीचा अर्क द्यावयाचा, शेवटी सर्व प्राणी मारून रक्तातील युरिया व क्रिएटिनिन मोजावयाचे आणि अर्क दिलेल्या गटाचे आकडे कमी आल्यास ती वनस्पती ‘मूत्रपिंडरक्षक’ असल्याचा निष्कर्ष काढावयाचा. या साच्यातील उणिवा दूर करणारे साधन म्हणून किरणोत्सारी द्रव्यांच्या साह्याने होणाऱ्या प्रतिमाचित्रणाकडे, म्हणजे रुग्णालयांत ज्याला ‘रीनल स्कॅन’ म्हटले जाते त्या तंत्राकडे पाहिले जाते. ही अपेक्षा बऱ्याच अंशी रास्त आहे. तथापि, साधन बदलले म्हणजे प्रश्नही आपोआप नेमका होतो असे नाही. मूत्राचे प्रमाण वाढविणे आणि मूत्रपिंडाचे रक्षण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ध्यानी न घेतल्यास गॅमा कॅमेऱ्याचे चित्र जुन्याच चुकीला अधिक विश्वासार्ह रूप देईल, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रक्ततपासणीची मर्यादा

क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाच्या कार्याचा सोयीचा पण उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. गाळणक्षमता जवळजवळ निम्मी कमी होईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिनची पातळी सामान्य मर्यादेतच राहू शकते. एकाच बाजूच्या मूत्रपिंडास इजा झाल्यास दुसरे त्याचा भार उचलते आणि रक्ताचा आकडा फारसा हलत नाही. शिवाय हा आकडा दोन्ही मूत्रपिंडांचा एकत्रित असतो. ‘कोणते मूत्रपिंड, किती आणि केव्हापासून’ या प्रश्नांचे उत्तर त्यातून मिळत नाही.

दुसरी मर्यादा प्राण्यांच्या संख्येची आहे. ऊतींची तपासणी करण्यासाठी प्राणी मारावा लागतो; म्हणून इजेचा व सुधारणेचा कालक्रम पाहावयाचा असेल, तर प्रत्येक टप्प्याला नवे प्राणी लागतात. सहा प्राण्यांचा एक गट, असे तीन गट आणि निरीक्षणाचे पाच टप्पे धरल्यास ९० प्राणी होतात. तेच १८ प्राणी जिवंत ठेवून पाच वेळा तपासता आले, तर प्रत्येक प्राणी स्वतःच स्वतःचा तुलनाबिंदू ठरतो. १९५९ मध्ये रसेल व बर्च यांनी मांडलेल्या पर्याय, संख्याघट व वेदनाघट या त्रिसूत्रीपैकी संख्याघटीचे हे चांगले उदाहरण होय. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली व १९९८ च्या नियमांनुसार अशा प्रयोगांना नीतिसमितीची मान्यता आवश्यक असते. त्या मान्यतेकडे केवळ औपचारिकता म्हणून न पाहता प्रयोगाच्या रचनेचाच भाग म्हणून पाहिले, तर या तंत्राचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. अर्थात, अखेरच्या टप्प्यावर ऊतींची सूक्ष्मदर्शकीय तपासणी तरीही करावी लागते. प्रतिमाचित्र तिचा पर्याय नव्हे. ते तिच्या आधीच्या काळाचा वृत्तान्त देते.

तंत्राचे स्वरूप

१९५६ मध्ये टॅप्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी आयोडिनयुक्त संयुग वापरून मूत्रपिंडाच्या कार्याचा आलेख काढला. ‘रीनोग्राम’ या तपासणीचा आरंभ तेथून झाला. पुढे गॅमा कॅमेरा आणि टेक्नेशियम-९९एम यांमुळे आलेखाला चित्राची जोड मिळाली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ, मुंबई येथील विकिरण वैद्यक केंद्र १९६३ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. किरणोत्सारी औषधांच्या निर्मितीचा व पुरवठ्याचा पायाही मुंबईतच घातला गेला.

टेक्नेशियम-९९एम हे स्वतः मूत्रपिंडाचे औषध नव्हे. ते केवळ खूण आहे. ते कोणत्या संयुगाला जोडले आहे, यावर चित्राचा अर्थ ठरतो. डीटीपीए हे संयुग केशिकागुच्छांतून गाळले जाते, म्हणून ते गाळणदर दर्शविते. एमएजी-३ मुख्यतः नलिकांकडून स्रवले जाते, म्हणून ते नलिकांचे कार्य व रक्तप्रवाह यांची कल्पना देते. डीएमएसए हे समीप नलिकांच्या पेशींत अडकून राहते, म्हणून ते कार्यक्षम ऊतीचा नकाशा देते. जेंटामायसिन व सिस्प्लॅटिन यांची प्रमुख इजा नलिकांना होते. तेव्हा अशा प्रयोगात केवळ डीटीपीए वापरून ‘मूत्रपिंडाचे कार्य’ मोजले असे म्हणणे अपुरे ठरेल. कोणत्या कार्याविषयी दावा करावयाचा आहे हे आधी ठरवून मगच संयुगाची निवड व्हावयास हवी.

मूत्रल आणि रक्षक यांतील भेद

रीनोग्रामच्या आलेखाचे तीन भाग मानले जातात : रक्तप्रवाहाबरोबर होणारा आरंभीचा चढ, मूत्रपिंडात द्रव्य साठण्याचा काळ आणि ते मूत्रावाटे बाहेर पडतानाचा उतार. यांपैकी तिसरा भाग मूत्राच्या प्रवाहावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. ज्या प्राण्याला भरपूर पाणी मिळाले आहे, त्याचा आलेख झपाट्याने उतरतो. तहानलेल्या प्राण्याचा रेंगाळतो. मूत्रल औषध दिल्यानेही हा उतार तीव्र होतो. मूत्रमार्गात खरोखर अडथळा आहे की केवळ प्रवाह मंद आहे, हे ओळखण्यासाठी वैद्यकात मुद्दाम फ्युरोसेमाइड देऊन याच गुणधर्माचा उपयोग केला जातो. फ्युरोसेमाइड दिल्यावर आलेख उतरला म्हणून ‘मूत्रपिंड सुधारले’ असे कोणताही वैद्यकीय तज्ज्ञ म्हणत नाही.

वनौषधीच्या बाबतीत मात्र नेमके हेच म्हटले जाण्याचा धोका आहे. गोखरू अथवा पुनर्नवा यांचा अर्क दिलेल्या उंदराच्या आलेखाचा उतार नियंत्रित गटापेक्षा जलद आला, तर त्यातून अर्काचा मूत्रल परिणाम सूचित होतो. त्यातून पेशींचे रक्षण सिद्ध होत नाही. रक्षणाचा दावा करावयाचा असल्यास आलेखाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे द्रव्य ग्रहण करण्याच्या क्षमतेत, फरक दिसला पाहिजे, आणि तोही सर्व प्राण्यांना सारखे पाणी दिलेले असताना. त्याहून उत्तम म्हणजे फ्युरोसेमाइडसारख्या ज्ञात मूत्रल औषधाचा एक स्वतंत्र गट ठेवावा. अर्काचा आलेख त्या गटासारखाच येत असेल आणि डीएमएसएच्या ग्रहणात फरक नसेल, तर प्रामाणिक निष्कर्ष ‘मूत्रल’ एवढाच राहतो.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. हा भेद आयुर्वेदाला परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधींचे जे ५० गट दिले आहेत, त्यांत मूत्राशी संबंधित तीन स्वतंत्र गट आहेत : मूत्रसंग्रहणीय, मूत्रविरजनीय आणि मूत्रविरेचनीय. गोक्षुर व पाषाणभेद यांची गणना मूत्रविरेचनीय, म्हणजे मूत्राचे प्रवर्तन करणाऱ्या गटात होते. पुनर्नवेचा समावेश वयःस्थापन गटात आढळतो. मूत्र रोखणे, त्याचा वर्ण सुधारणे आणि ते वाढविणे या क्रिया प्राचीन ग्रंथकाराने वेगळ्या मानल्या. आधुनिक शोधनिबंध मात्र या सर्वांना ‘मूत्रपिंडरक्षक’ या एकाच शब्दात कोंबतो आणि त्यासाठी परंपरेचाच हवाला देतो. परंपरेचा हा आदर नव्हे. ‘पुनर्नवा’ हे नाव उन्हाळ्यात सुकून पावसाळ्यात पुन्हा फुटणाऱ्या त्या झुडपाचे वर्णन आहे. प्रौढ सस्तन प्राण्याच्या मूत्रपिंडात नवी वृक्काणू-एकके निर्माण होत नाहीत, हे शरीरक्रियाशास्त्रातील तथ्य त्या नावाने बदलत नाही.

प्रयोगातील इतर व्यत्यय

पहिला व्यत्यय भुलीचा. चित्रण चालू असताना उंदीर स्थिर राहावा म्हणून त्याला भूल द्यावी लागते. प्रयोगशाळांत रूढ असलेल्या केटामिन-झायलाझिन मिश्रणातील झायलाझिन स्वतःच मूत्राचे प्रमाण वाढविते. म्हणजे मूत्रल वनस्पतीची परीक्षा एका मूत्रल भुलीखाली होते. भुलीचे द्रव्य, मात्रा आणि भूल दिल्यापासून चित्रणापर्यंतचा वेळ यांची नोंद निबंधात नसेल, तर आलेखांची तुलना करणे कठीण आहे.

दुसरा व्यत्यय ऋतूचा. तो खानदेशापुरता विशेष महत्त्वाचा आहे. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तापमाननियंत्रण अपुरे असलेल्या प्राणिगृहातील उंदीर या काळात निर्जलीकरणाच्या उंबरठ्यावर असतात. नियंत्रित गटाचे चित्रण मे महिन्यात आणि अर्काच्या गटाचे जुलैत झाले, तर दिसणारा फरक पावसाचा असेल, वनस्पतीचा नव्हे. दोन्ही गटांचे चित्रण एकाच आठवड्यात व्हावे आणि चित्रणापूर्वी प्रत्येक प्राण्याला वजनाच्या प्रमाणात ठरावीक पाणी द्यावे, हा साधा उपाय आहे.

तिसरा व्यत्यय अधिक सूक्ष्म आहे. टेक्नेशियम संयुगाला जोडण्यासाठी ते स्टॅनस क्लोराइडसारख्या क्षपणकारक द्रव्याने क्षपित करावे लागते. वनस्पतींच्या अर्कांतील ऑक्सिडीकरणावर परिणाम करणारी द्रव्ये या रासायनिक साखळीत ढवळाढवळ करू शकतात. ब्राझीलमधील रिओ दि जानिरो येथील बर्नार्दो-फिल्हो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वनस्पतींच्या अर्कांमुळे रक्तघटकांना टेक्नेशियम जोडले जाण्याच्या क्रियेत बदल होतो, असे दाखविले आहे. म्हणजे चित्रात दिसलेला बदल मूत्रपिंडातील नसून खुणेच्या वर्तनातील असू शकतो. यासाठी मूत्रपिंडास कोणतीही इजा न केलेल्या, केवळ अर्क दिलेल्या निरोगी प्राण्यांचा गट आवश्यक ठरतो. अनेक निबंधांत खर्च वाचविण्यासाठी पहिल्यांदा वगळला जातो तो नेमका हाच गट.

चौथा मुद्दा मोजमापाचा. माणसाच्या गाळणदरासाठी १९८२ मध्ये गेट्स यांनी सुचविलेली पद्धत गॅमा कॅमेऱ्यांच्या संगणकांत सर्रास उपलब्ध असते. परंतु तिच्यात मूत्रपिंडाची त्वचेपासूनची खोली माणसाच्या उंची व वजनावरून काढलेली असते. तेच सूत्र उंदराला लावून आलेला ‘मिलिलिटर प्रतिमिनिट’ हा आकडा निरर्थक होय. उंदराचे मूत्रपिंड साधारण दोन सेंटीमीटर लांबीचे असते. सामान्य कॅमेऱ्याची भेदनक्षमता एक सेंटीमीटरच्या जवळपास असल्याने सूचिछिद्र समांतरकाची अथवा लहान प्राण्यांसाठीच्या विशेष यंत्राची गरज भासते. यकृत व प्लीहा शेजारीच असल्याने मूत्रपिंडाची सीमारेषा संगणकावर हाताने आखताना थोडा फरक झाला, तरी आकडे बदलतात. ही रेषा आखणाऱ्याला तो प्राणी कोणत्या गटातील आहे हे माहीत नसावे, ही किमान दक्षता होय.

वनस्पतीची ओळख

प्रतिमाचित्रण कितीही काटेकोर झाले, तरी अर्क ज्या वनस्पतीचा सांगितला तिचाच आहे काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे. तांबडी घेटुळी आणि पांढरी घेटुळी यांची बाजारातील सरमिसळ सर्वश्रुत आहे. त्या दोन भिन्न प्रजातींच्या वनस्पती आहेत. लहान गोखरू व मोठे गोखरू यांची कुळेही वेगळी आहेत. पाषाणभेदाच्या नावाखाली तर प्रदेशपरत्वे अनेक वनस्पती विकल्या जातात.

या चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे बेल्जियममधील घटनेने दाखविले आहे. ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेणाऱ्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत असल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीची वनस्पती वापरली गेल्याने हे घडले होते, आणि पुढे अशा रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली. त्याच प्रजातीची सापसंद अथवा ईश्वरी ही वेल महाराष्ट्रातही औषधी म्हणून परिचित आहे. वनौषधींचा मूत्रपिंडावरील परिणाम अभ्यासताना केवळ ‘रक्षण होते का’ एवढेच विचारून चालणार नाही. ‘इजा होते का’ हेही तितक्याच आस्थेने विचारले पाहिजे. सावकाश होणारी इजा क्रिएटिनिन वाढण्यापूर्वी टिपणे, हाच खरे तर या प्रतिमाचित्रणाचा सर्वांत मोलाचा उपयोग ठरू शकतो.

मर्यादित दावा करण्याची शिस्त महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर केलेले काम याचे उदाहरण आहे. अवरोधजन्य काविळीच्या रुग्णांवरील त्यांचा १९९३ चा निबंध शस्त्रक्रियेच्या संदर्भात रुग्णाच्या प्रतिकारक्षमतेविषयी बोलतो. ‘गुळवेल यकृत बरे करते’ असे सरसकट विधान तेथे नाही. या संयमाचे मोल पुढे कळले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयीच शंका उपस्थित केली. वाद पुन्हा ओळख, मात्रा आणि रुग्णाची स्थिती या तीन गोष्टींपाशीच येऊन थांबला.

खानदेशातील शक्यता

असे संशोधन मोठ्या शहरांबाहेर अशक्य आहे, असा एक समज आहे. त्यात तथ्य किती, हे आकड्यांवरून पाहता येईल. टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुकाल सुमारे सहा तासांचा आहे. मुंबईहून जळगावचे सुमारे ४२० किलोमीटरचे अंतर आठ तासांत कापले, तर मूळ किरणोत्साराचा जेमतेम ४० टक्के भाग उरेल. परंतु ते ज्याच्यापासून मिळते त्या मॉलिब्डेनम-९९चा अर्धायुकाल सुमारे ६६ तासांचा आहे. त्याच प्रवासात त्याची घट केवळ आठ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणूनच रुग्णालये मॉलिब्डेनमचे जनित्र मागवितात आणि त्यातून रोज टेक्नेशियम काढून घेतात. या व्यवसायात जनित्राला ‘गाय’ आणि या क्रियेला ‘दोहन’ म्हणण्याचा प्रघात आहे. दूध नासते, गाय मात्र प्रवास करू शकते. तेव्हा अंतर ही खरी अडचण नव्हे. खरी अडचण प्रशिक्षित मनुष्यबळ, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, किरणोत्सारी कचऱ्याची व्यवस्था आणि अर्थातच निधी यांची आहे.

एकेका महाविद्यालयाला हे झेपणारे नाही. तथापि, वनस्पतीची खात्रीशीर ओळख व तिचे नमुने जतन करणे, अर्काचे रासायनिक प्रमाणीकरण आणि प्राथमिक विषाक्तता चाचणी ही कामे जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत उत्तम प्रकारे होऊ शकतात. त्यानंतरचे प्रतिमाचित्रण परवानाधारक केंद्राच्या सहकार्याने करता येईल. श्रेयाची अशी वाटणी स्वीकारण्याची तयारी मात्र हवी.

समारोप

हा विषय केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. जळगाव हा केळीचा जिल्हा आहे आणि डायलिसिसवरील रुग्णाला केळी जपून खाण्यास सांगितले जाते, कारण त्यातील पोटॅशियम निकामी मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही. पुनर्नवेसारख्या वनस्पतीतही पोटॅशियमचे क्षार असतात, आणि तिच्या मूत्रल गुणाचे श्रेय काही अंशी त्यांनाच दिले गेले आहे. निरोगी उंदराला उपकारक ठरलेला काढा मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला अपायकारक ठरू शकतो, तो असा. बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी किंवा विषाबरोबर दिलेला असतो. रुग्ण मात्र इजा झाल्यानंतर येतो. हा फरक निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात पुसला जातो आणि तोच परिच्छेद वृत्तपत्राच्या बातमीत उतरतो.

म्हणून अशा निबंधाचे परीक्षण करताना पाच गोष्टींचा आग्रह धरला जावा : वनस्पतीची प्रमाणित ओळख, केवळ अर्क दिलेला निरोगी गट, ज्ञात मूत्रल औषधाचा गट, पाणी, भूल व ऋतू यांची समानता, आणि गट ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून चित्रांचे वाचन. यांपैकी एकही अट गॅमा कॅमेऱ्याइतकी खर्चीक नाही. त्या पाळल्या गेल्या, तर साध्या रक्ततपासणीवरील निबंधही विश्वसनीय होईल. पाळल्या गेल्या नाहीत, तर सर्वांत महागडे चित्रही संशोधकाला जे पाहावयाचे होते तेच दाखवील. आपल्या महाविद्यालयांतून ‘मूत्रल’ हा शब्द ‘मूत्रल’ याच अर्थाने लिहिला जाऊ लागला, तरी वनौषधींच्या संशोधनाची आणि त्यावर विसंबणाऱ्या रुग्णांचीही मोठी सेवा होईल.